जालन्याची औद्योगिक वसाहत आणि खेड्यातील तरुण



'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात जुनी आहे. कापसाच्या बाजारपेठेने आणि आडत पेढ्यांनी या गावाला ते नाव मिळवून दिले. राज्य स्थापनेनंतर, १९६१ च्या अधिनियमान्वये, १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि मुंबई-ठाण्यात एकवटलेले उद्योग आतल्या भागांत नेण्याचे धोरण आकारास आले. त्या धोरणाची फळे ज्या गावांना मिळाली, त्यांत जालना आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे चार तालुके आणि परभणी जिल्ह्याचा परतूर तालुका मिळून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज त्यात आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार भरली आणि त्यांपैकी दर पाच माणसांत चार माणसे खेड्यांत राहणारी होती.

जालन्याच्या 'एमआयडीसी'ला दोन धंद्यांनी नाव मिळवून दिले. पहिला पोलादाचा. देशभरातून येणारे भंगार लोखंड विद्युत भट्ट्यांत वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये त्यांपासून बांधकामाच्या सळया काढायच्या, हा येथला मुख्य व्यवसाय होय. राज्यात कोठेही घर किंवा पूल बांधला जात असेल, तर तेथील सळयांच्या मोळीवर जालन्याचा छाप आढळणे नवलाचे नाही. दुसरा धंदा बियाण्यांचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली 'महिको'ची स्थापना केली. भेंडीच्या बियाण्यापासून आरंभ झालेल्या या कार्यासाठी त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जिल्ह्याच्या कोरडवाहू जमिनीत पिकणाऱ्या मालाला ज्ञानाची जोड मिळाली की काय घडते, याचा हा पाठच होता.

यापुढे विचार करावयाचा आहे तो या वसाहतीच्या फाटकातून आत जाणाऱ्या आणि फाटकावरून पुढे निघून जाणाऱ्या तरुणांचा.

पोलादाच्या भट्टीवर काम करणाऱ्यांत बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशा या राज्यांतील तरुणांचा भरणा मोठा आहे. ते ठेकेदारामार्फत येतात, कारखान्याच्या आसपास खोल्या करून राहतात आणि सणासुदीला गावी जातात. त्याच वेळी जालन्याच्या खेड्यांतील तरुण बसमध्ये वा रेल्वेत बसतो आणि वसाहतीच्या धुरांड्यांकडे पाहत पुण्याला, चाकणला, वाळूजला किंवा मुंबईला जातो. एका जिल्ह्यात माणसे येतात आणि त्याच जिल्ह्यातून माणसे जातात, हे वरवर पाहता विसंगत वाटते. तशी ती विसंगती नाही. जो येतो आणि जो जातो, ते दोघेही आपापल्या गावी शिक्षणाची साखळी मध्येच तुटलेले तरुण असतात. दोघांनाही ठेकेदाराकडे मिळेल ते काम पत्करावे लागते.

या बाबतीत ८ मे २०२० ही तारीख विसरून चालणार नाही. टाळेबंदीत काम थांबलेले, मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया या जिल्ह्यांचे रहिवासी असलेले मजूर जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघाले होते. ते जालन्यातील पोलाद कारखान्यात कामाला होते. गावी नेणारी गाडी पुढे मिळेल, या आशेने ते औरंगाबादच्या दिशेने चालत होते. थकून बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान रुळांवरच झोपले, आणि पहाटे मालगाडीखाली त्यांतील सोळा जण ठार झाले. या दुर्घटनेची चर्चा प्रवासाच्या सोयीच्या अंगाने झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु घरापासून शेकडो किलोमीटर दूर येऊन भट्टीवर राबण्यावाचून या तरुणांना दुसरा मार्ग का उरला नव्हता, हा प्रश्न शहडोलच्या शिक्षकाला आणि सरपंचाला जितका लागू आहे, तितकाच तो मंठा किंवा भोकरदनच्या शिक्षकाला आणि सरपंचाला लागू आहे. तेथून येणाऱ्याच्या जागी येथून जाणारा उभा केला, तर चित्र फारसे बदलत नाही.

स्थानिक तरुण भट्टीवर का जात नाही, याची उत्तरे अनेक दिली जातात. काम उष्णतेचे आणि जोखमीचे आहे. गावचा माणूस पेरणीच्या दिवसांत रजा मागतो. बाहेरचा माणूस आवारातच राहतो म्हणून ठेकेदाराला तो सोयीचा पडतो. या उत्तरांत तथ्य आहे. पण कारखान्यात भट्टीखेरीज आणखीही कामे असतात. वीजतंत्री लागतो, फिटर आणि टर्नर लागतात, क्रेन चालविणारा लागतो, वितळलेल्या धातूचा नमुना प्रयोगशाळेत तपासणारा लागतो, हिशेब आणि मालाची नोंद ठेवणारा लागतो. या कामांना नकाशा वाचता यावा लागतो, दशांश अपूर्णांक पक्के असावे लागतात आणि हाती औद्योगिक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असावे लागते. मोटारसायकलीने तासाभरात घरी परतता येईल अशा अंतरावर ही कामे आहेत. खेड्यातील मुलगा तेथवर पोहोचत नाही, कारण त्याची शाळा त्याआधीच संपलेली असते.

ती कोठे संपते, हे नीट पाहिले पाहिजे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने सहा ते चौदा वर्षे वयापर्यंतचा हक्क दिला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असे अंतरही ठरवून दिले. जिल्हा परिषदांनी हे काम बहुतांशी पार पाडले आहे. वाडीवस्तीपर्यंत शाळा पोहोचली, हे महाराष्ट्राच्या प्रशासनाचे फार मोठे यश मानावे लागेल. त्याबद्दल उगीच कुत्सितपणे बोलण्याची अलीकडे जी रीत पडली आहे, ती योग्य नव्हे. अडचण आठवीनंतर आहे. चौदावे वर्ष उलटले की हक्क संपतो आणि अंतर वाढते. नववीची शाळा शेजारच्या मोठ्या गावी, अकरावीचा विज्ञान वर्ग त्याहून दूर, प्रयोगशाळा नीट चालणारे कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याला किंवा थेट जालन्याला, असा हा चढता मार्ग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा विचार एकत्र केला आहे. परंतु धोरणातील अठरा आणि कायद्यातील चौदा यांमधील चार वर्षे आजही बऱ्याच अंशी पालकाच्या ऐपतीवर आणि बसच्या वेळेवर सोडलेली आहेत.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न निव्वळ अंतराचा आहे, असे म्हटले तरी चालेल. महाराष्ट्रात १९८६ पासून मुलींना बारावीपर्यंतचे शिक्षण विनाशुल्क झाले. राज्य परिवहनाच्या बसमध्ये अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची मोफत पास योजना आली. २००२ च्या मानव विकास अहवालात जालना जिल्हा तळाच्या जिल्ह्यांत गणला गेला, त्यानंतर सुरू झालेल्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी खास निळ्या बसगाड्या धावू लागल्या आणि गरजू मुलींना सायकली मिळाल्या. या निळ्या बसने जे काम केले, ते पुष्कळ व्याख्यानांनी आणि जनजागृतीच्या फेऱ्यांनी झाले नसते. मुलगी संध्याकाळी ठरलेल्या वेळी फाट्यावर उतरते, एवढी खात्री पटली की आईवडील तिची शाळा सहसा बंद करीत नाहीत.

ही खात्री मोडली की काय होते, तेही दिसून आले. २०२० आणि २०२१ ही वर्षे साथीत गेली. शाळा उघडू लागल्या तोच, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत, राज्य परिवहनाच्या कर्मचाऱ्यांचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा प्रश्न वेगळा. पण त्या काळात खेड्यातील मुलींची शाळेची वाट दुसऱ्यांदा बंद झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, जालना जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. हा आकडा अनेकदा रूढी आणि अज्ञान यांच्या खात्यावर टाकला जातो. रूढी आहेच. परंतु नववीत घरी बसलेल्या मुलीचे पुढे काय करायचे, या प्रश्नाला लग्नाखेरीज दुसरे उत्तर गावात उपलब्ध नसेल, तर एकट्या रूढीला दोष देऊन भागणार नाही. २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय स्वागतार्ह आहे. त्याचा लाभ बारावीपर्यंत पोहोचलेल्या मुलीला होतो. नववीत थांबलेल्या मुलीपर्यंत तो जात नाही.

दुसरा एक वर्ग तर दरवर्षी ठरावीक महिन्यांत शाळेतून नाहीसा होतो. मराठवाड्यात ऊसतोडीचे नाव निघाले की बीड जिल्हा आठवतो. पण जालन्याच्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतूनही कोयते निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडी किंवा ट्रॅक्टर भरून नवरा-बायकोची जोडी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाते आणि पाडव्याच्या आसपास परतते. शाळेचे दुसरे सत्र नेमके त्याच महिन्यांत असते. फडावर गेलेले मूल परत आल्यावर वर्गात बसते खरे, पण भागाकार त्याच्या वर्गाने केव्हाच मागे टाकलेला असतो. आठवीपर्यंत त्याचे नाव पटावर राहते आणि नववीत ते गळते. शिक्षक त्याला गळती म्हणतात, पण ती सुरू झालेली असते तिसरी-चौथीत.

यावर उपाय म्हणून साखरशाळा झाल्या, शिक्षण हमी पत्रके झाली आणि हंगामी वसतिगृहे झाली. यांतील हंगामी वसतिगृहाची कल्पना सर्वांत साधी आणि, अनुभव पाहता, सर्वांत उपयोगी ठरणारी आहे. आईबाप गेले तरी मूल आजी-आजोबांजवळ गावातच राहते, शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था करते आणि शाळा खंडित होत नाही. इमारत लागत नाही, नवी नेमणूक लागत नाही. लागते ती दोन गोष्टींची तत्परता: जाणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्यापूर्वी तयार असणे आणि मंजुरी कोयते निघण्याआधी येणे. मंजुरी पौषात आली तर मूल तोवर फडावर पोहोचलेले असते. येथे ग्रामसेवकाची यादी आणि गटशिक्षणाधिकाऱ्याची सही यांना जे महत्त्व आहे, ते कोणत्याही मोठ्या योजनेला नाही.

वसतिगृहाचे हे महत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आधी वसतिगृह आणि मग सक्ती, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास शाहू बोर्डिंग चालू केले. 'कमवा आणि शिका' ही त्यांची पद्धत खेड्यातील मुलाची ऐपत पाहून घडविलेली होती. मराठवाड्याची वाट याहून खडतर. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, विद्यापीठ दूर हैदराबादला; १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तोपर्यंत मराठी मुलाला आपल्या भाषेत पदवीपर्यंत जाण्याचा मार्गच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी जालन्यातही जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभे राहिले. म्हणजे जालन्याच्या खेड्यांतील कुटुंबांत पदवी येऊन अद्याप तीन पिढ्याही पुरत्या झालेल्या नाहीत. ज्या घरात पहिलाच मुलगा अकरावीला जातो, त्या घराला शिक्षण शुल्कापेक्षा शहरातली खोली आणि खानावळ यांचा खर्च अधिक जड जातो. ही गोष्ट ओळखूनच अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी, शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास रोख निर्वाह साहाय्य देणारी स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. इतर प्रवर्गांसाठीही अशाच योजना पुढे आल्या.

संस्था जवळ आली म्हणजे शिक्षण जवळ आले, असे मात्र समजू नये. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ साली जालन्यात सुरू झाले. जिल्ह्याला हा मोठाच मान आहे. परंतु तेथील प्रवेश देशपातळीवरील स्पर्धेतून होतात. परतूरच्या खेड्यातील मुलाला त्या संकुलाच्या दारापर्यंत जायचे, तर त्याला अकरावी-बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित नियमित शिकविणारा शिक्षक मिळाला पाहिजे. हल्ली पुष्कळ ठिकाणी गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरता प्रवेश घ्यायचा आणि शिकवणीसाठी लातूर वा संभाजीनगर गाठायचे, असा प्रघात पडला आहे. ज्याला हे परवडते तो जातो; ज्याला परवडत नाही तो कला शाखेत नाव घालतो. कला शाखा कमी प्रतीची आहे असे येथे सुचवायचे नाही; मात्र ती आवडीने निवडणे वेगळे आणि अन्य वाट नाही म्हणून तीत जाऊन पडणे वेगळे.

मग पदवीनंतर स्पर्धा परीक्षा येते. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत आणि खानावळींत मराठवाड्यातील मुलामुलींची संख्या किती असते, हे सर्वांना ठाऊक आहे. घरून दरमहा पैसे येतात. ते कधी सोयाबीनच्या पट्टीतून येतात, कधी दोन एकरांतले अर्धे विकून. जागा थोड्या, उमेदवार अगणित. चार-पाच वर्षांनी तो तरुण गावी परततो, तेव्हा त्याला शेतीची सवय उरलेली नसते आणि हाती कौशल्यही नसते. बाहेर जाण्यात काही वाईट नाही. भाऊरावांच्या आणि बाबासाहेबांच्या काळातही गाव सोडल्यावाचून शिक्षण नव्हते, आणि ज्या गावाने माणसाला बरोबरीची वागणूक दिली नाही ते सोडणे हीच कित्येकांची मुक्ती होती. प्रश्न एवढाच, की जाणाऱ्यापुढे निवड होती की नव्हती.

निवड निर्माण करायची तर जालन्याची वसाहत हे मोठे साधन आहे. १९६१ चाच आणखी एक केंद्रीय कायदा आहे, शिकाऊ उमेदवारांचा. त्याच्या २०१९ साली सुधारलेल्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत, आणि ठेकेदाराची माणसेही या मोजणीत येतात. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री, जोडारी, संधाता हे व्यवसाय शिकविले जातात. २०२४ सालच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने बारावी झालेल्यास दरमहा सहा हजार, आय.टी.आय. किंवा पदविका झालेल्यास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन देऊन आस्थापनांत अनुभव घेण्याची सोय केली. कायदा आहे, संस्था आहे, विद्यावेतन आहे. दहावीच्या वर्गातील मुलाला यांतील काय माहीत असते, हे कोणत्याही शिक्षकाने उद्या वर्गात विचारून पाहावे. सहलीला वेरूळ-अजिंठा जरूर दाखवावे. पण भंगारापासून सळई कशी होते आणि त्या वाटेवर कोणकोणती कामे कोण करतो, हे पाहायला शाळेने वर्षातून एकदा वसाहतीत का जाऊ नये? कारखानदारांनाही आपल्या दारात येणाऱ्या या मुलांची ओळख होईल. सुरक्षिततेची साधने, नेमणुकीचे पत्र आणि वेळेवर वेतन एवढे असेल, तर 'स्थानिक मुलगा टिकत नाही' ही तक्रार किती खरी आहे, याचीही पारख होईल.

वसाहत सर्वांना सामावून घेणार नाही, हेही तितकेच खरे. शेती टिकली तरच गाव टिकणार. जालना तालुक्यातील कडवंचीचे उदाहरण या ठिकाणी द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. खरपुडीच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने, नाबार्डमार्फत चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, १९९६ ते २००२ या काळात तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत मृद्‍संधारणाचे काम गावाला बरोबर घेऊन केले. विजयअण्णा बोराडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि कृषी विज्ञान केंद्राने त्याला शास्त्राची जोड दिली. पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळत असताना कडवंचीने आपल्या बागा तगवल्या. या गावात शिकलेला मुलगा शेतीत राहतो, कारण शेतीतही डोके चालवायला वाव आहे आणि पैसा आहे. शेततळी भरण्यासाठी भूजल उपसण्याचा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. तो रास्त आहे, आणि प्रत्येक गावाने द्राक्षेच लावावीत असे कोणी म्हणणार नाही. जाफराबाद आणि शेजारच्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचे संकरित बियाणे घेतले जाते, तोही असाच मार्ग. नर वाणाच्या फुलातील पराग मादी वाणाच्या फुलावर हाताने, वेळ साधून ठेवण्याचे हे काम शाळेत परागीभवनाचा धडा समजून घेतलेल्या मुलीला अधिक चांगले जमते. मात्र हे काम शाळेच्या वेळेत शाळेतल्या मुलांकडून करून घेतले जात नाही ना, याकडे पंचायतीची नजर असली पाहिजे. नाहीतर ज्या धंद्याने गावात राहण्याची सोय केली, तोच शिक्षण खुंटवील.

आता पंचायतीच्या हातात काय आहे, हे पाहू. बहुतेक ग्रामपंचायतींत जन्म-मृत्यूची नोंदवही असते, घरपट्टीची असते. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची नोंदवही क्वचितच असते. कोण नववीत गेले, कोण गेले नाही, कोण फडावर गेले, कोणाचे लग्न ठरत आहे, कोण पुण्याला कोणत्या कामावर आहे, ही माहिती गावात प्रत्येकाला तोंडपाठ असते. ती कागदावर मात्र नसते. आणि कागदावर नसली की गटविकास अधिकाऱ्यापुढे किंवा आगारप्रमुखापुढे तिला वजन येत नाही. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. मुलींच्या सायकलींची दुरुस्ती, फाट्यावर दिवा आणि निवारा, संध्याकाळची अभ्यासिका, यांवर हा पैसा खर्च झाला तर त्याचा हिशेब विचारायला कोणी येणार नाही. शिक्षकांचे कामही असेच लहान पण नेमके आहे: आठवीचा निकाल लागला की दाखला देऊन मोकळे न होता, ते मूल जूनमध्ये नववीच्या वर्गात बसले की नाही, याची दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे चौकशी करणे.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट विशेषेकरून सांगण्याजोगी आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विचार २०२३ पासून चालू आहे. पानशेत आणि तोरणमाळ येथील प्रयोगांचा त्यास आधार दिला जातो. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, विषयवार शिक्षक असतात, हे मान्य. परंतु वाहनाची हमी आधी देऊन शाळा नंतर एकत्र करायची, हा क्रम विसरला गेला तर आठवीनंतरची आजची अडचण उद्या तिसरीतच येऊन उभी राहील.

बसच्या वेळापत्रकाचेही असेच. मंठा वा भोकरदनच्या खेड्यातून सकाळी निघून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या पहिल्या तासाला पोहोचता येते का, आणि वसाहतीतील पाळी सुटल्यावर शेवटची गाडी मिळते का, या दोन प्रश्नांवर कित्येकांचे गावात राहणे किंवा गाव सोडणे ठरते. शाळा जूनच्या मध्यास उघडतात. ग्रामसभा १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, भरतेच. जालना जिल्ह्याचा स्थापना दिवसही तोच आहे. त्या सभेत नोंदवहीतील नावांसह, गाडीची हवी असलेली वेळ लिहून ठराव झाला आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात तो आगारप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य या तिघांकडे पोहोचला, तर नव्या सत्राची पहिली गाडी त्या वेळेला सुटण्यास पुरेसा अवधी राहतो.